भिंतीपलीकडच्या नाटकाला माझा गाळा

आम्ही मूळचे इगतपुरीच्या बाजूचे. दादा, म्हणजे माझे वडील, तिथून नाशिकरोडला आले, आधी झाडाखाली खुर्ची टाकून दाढ्या केल्या, मग हा गाळा घेतला, आणि गाळ्याची मागची भिंत आणि नाट्यगृहाची भिंत एकच. नाट्यगृह म्हणजे फार मोठं नाही, हौशी मंडळाचं, पत्र्याचं छप्पर आणि दीडेकशे खुर्च्या, पण काय सांगू तुम्हाला, दुपारी भिंतीपलीकडून तालमीचा आवाज आला की दादा गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा तसाच धरून ऐकत राहायचे, गिऱ्हाईक बिचारं श्वास रोखून. तसेच ते मेकअप शिकले. नाटकाचा एक पैसा घेतला नाही कधी. मंडळाकडे मेकअपची खोली नाही, सगळे आमच्या दुकानात रंगायचे आणि राजा असो की भिकारी, रस्त्याने वळसा घालून आत जायचे, रिक्षावाले शिट्ट्या मारायचे. दादा म्हणायचे, भिंत एक हाय तर मधी दार का नाय?

आता मी जे सांगतोय ते बायकोलाही पंधरा वर्षं सांगितलं नव्हतं. ब्याण्णव-त्र्याण्णव असेल, दादा अंथरुणाला खिळलेले आणि मंडळाचा स्पर्धेचा प्रयोग, मेकअप पहिल्यांदाच एकट्या माझ्यावर. मुख्य काम नानांचं. नाना पोस्टात कारकून, पण स्टेजवर उभे राहिले की माणूस वेगळाच. म्हातारा बाप करायचे, छातीपर्यंत पांढरी दाढी. दाढी चिकटवायला स्पिरिट गम लागतो, आणि मी बाटली काढली तर झाकण सैल राहिलेलं, आतला गम वाळून दगड. झाकण आदल्या दिवशी मीच लावलेलं. त्या काळी ती वस्तू मुंबईहूनच यायची. मी काय केलं, साधा डिंक पातळ केला, त्याच बाटलीत भरला आणि कुणाला बोललो नाही.

डिंकाला घाम चालत नाही हो. बाहेर जानेवारीची थंडी, पण वर दिव्यांची भट्टी. शेवटच्या प्रवेशात बाप लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून प्राण सोडतो, आणि नानांनी प्राण सोडला आणि दाढी लेकीच्या खांद्यावर राहिली. आधी एकजण हसला, मग सगळं नाट्यगृह हसलं.

आत आल्यावर दिग्दर्शक ओरडला, काय झालं हे? नाना माझ्याकडे बघून म्हणाले, अरे थंडीनं कातडी फुटली होती, मीच तोंडाला जरा तेल लावलं सकाळी. तिथं मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, सगळ्यांसमोर म्हणालो, नाना, तेलावर दाढी कशी टिकेल, एवढी वर्षं काम करता आणि हे कळू नये?

त्यानंतर नाना स्टेजवर उभे राहिले नाहीत. दारावर तिकिटं फाडायचे.

मग दादा गेले, मी मेकअप करत राहिलो, स्पिरिट गमच्या दोन-दोन बाटल्या ठेवून. मध्यंतरी मला छातीचं दुखणं झालं, डॉक्टरांनी जपायला सांगितलं, तेव्हा मुलीला विचारलं, आमच्या दोघांच्या मागं हा गाळा मंडळाला दिला तर? ती पुण्याला नोकरीत, म्हणाली, बाबा, मला तिथे काय कटिंग करायचीय का, द्या खुशाल, भिंतीत दार पाडा म्हणावं. मृत्युपत्राचा कच्चा कागद वकिलाने करून दिला. मंडळाला कळलं तर अध्यक्ष शाल-नारळाच्या गोष्टी करायला लागले, बापलेकांची निष्ठा वगैरे. मला सही करवेना. नानांचं नाटक घालवणाऱ्याने नाट्यगृहाला दान द्यायचं, हे कसं?

एका मंगळवारी नाना दाढीला आले. दुकानात कुणी नव्हतं. त्यांच्या तोंडाला फेस लावला, वस्तरा उघडला आणि सगळं बोलून टाकलं, झाकण, डिंक, सगळं. नाना आरशातून बघत होते. म्हणाले, आधी तो वस्तरा खाली ठेव.

मी ठेवला.

म्हणाले, गाढवा, बत्तीस वर्षं पोस्टात पाकिटं चिकटवली मी, मला डिंकाचा वास कळणार नाही? तू ब्रश लावलास तेव्हाच कळलं. म्हटलं, बाप आजारी, पोरगं एकटं आहे, टिकली तर टिकली. मी म्हटलं, पण तेल? तर म्हणाले, कसलं तेल, थेंबसुद्धा लावला नव्हता. राग दाढीचा नाही आला, तू वर मलाच शिकवलंस त्याचा आला. दोन वर्षं दाढीला समोरच्या दुकानात जात होतो, ते काय उगाच?

मी रडायला लागलो. नाना म्हणाले, आणि काम सोडलं ते पाठांतर राहीना म्हणून. तेही तुझ्यामुळेच असं धरून बसू नकोस, एवढा मोठा नाहीस तू. चल, फेस वाळतोय.

ते खरं होतं की मला सोडवायला बोलले, देव जाणे. दाढी झाल्यावर मी कागद पुढे केला, नाना, साक्षीदार व्हाल का? त्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली, पोस्टातला माणूस, एक तारीख चुकलेली काढली, वकिलाला दोन शिव्या दिल्या. पुढच्या आठवड्यात कागद दुरुस्त होऊन आला, मी सही केली आणि माझ्या सहीखाली नानांनी केली, दुसरी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी.

शाल मी घेतली नाही. मंडळाच्या सभेत उभा राहिलो आणि डिंकाचं सांगितलं, लोक पुन्हा हसले, या खेपेला नाना सगळ्यात जोरात. आता तब्येत बरी आहे, जिना चढताना धाप लागते तेवढीच. माझ्यामागं इथे जी पोरं-पोरी तोंडाला रंग लावून बसतील त्यांचं भलं होवो, त्यांना टाळ्या मिळोत. फक्त मंडळाला एवढंच सांगून ठेवलंय, घाई करू नका, अजून माझी गिऱ्हाईकं आहेत.