सर्जेरावच्या गव्हाची राखण

सखूबाई : त्या पिशवीत काय हाय ते आधी सांगा, मग जेवायला बसा.

सोनाजी : ज्वारी हाय.

सखूबाई : ज्वारीला असला वास येत नसतो.

सोनाजी : औषध चोळलंय. सर्जेरावानं हंसांना घातली, तशीच. दिवस मावळायला त्याच्या गव्हात टाकून येतो. मेलेली पाखरं त्याच्याच बांधावर सापडू दे. मग जंगल खात्याचे साहेब त्याला इचारतील, जसं मला इचारलं.

सखूबाई : आज सकाळी हर्सूलच्या जेलातून सुटलात. एक दीस तरी घरात बसा.

सोनाजी : चौदा महिने बसूनच होतो. चाळीस हंस मारले त्येनं, आन् आणून टाकले आपल्या मेंढवाड्यात. वर पंचनाम्याला उभा राहिला, धनगराचं काम हाय म्हणून. माय गेली, मातीला पोचलो नाय.

सखूबाई : मातीला म्या होते. मला नका सांगू.

सोनाजी : मग आडवी का येतीस?

सखूबाई : त्या गव्हाची राखण माझ्याकडं हाय.

सोनाजी : सर्जेरावच्या?

सखूबाई : व्हय. पेरलं तव्हापासून त्याच्या माचीवर बसते. तोच आला होता दारात. म्हणला, वहिनी, तुमच्या हाळीनं लांडगा पळतो, हंस काय चीज हाय. सोनाजीचं मनावर घेऊ नका, कायद्यापुढं कुणाचं चालतं, असंबी म्हणला. चहा पिऊन गेला.

सोनाजी : तू चहा पाजलास त्याला.

सखूबाई : साखर जास्त घालून.

सोनाजी : म्हंजे दुपारी फाट्यावर उतरलो तव्हा धरणाकडून तुझीच हाळी येत होती. मला वाटलं, मेंढरांमागं हायेस.

सखूबाई : मेंढरं वकिलापायी गेली.

सोनाजी : मला आत भाकर गिळवत नव्हती, सखू. आन् तू त्याचा गहू जपत होतीस.

सखूबाई : दुपारी कुठं हंस असत्यात रानात? दुपारी ते पाण्यावर. रानात उतरत्यात फटफटायला, नाकात बोलल्यागत कलकलत. तव्हा म्या गप असते.

सोनाजी : गप?

सखूबाई : तोंडात पदर धरून. सगळ्या धरणकाठाला हाळ्या, डबे, फटाके. एक त्याचंच रान गप. मग ते जातील कुठं? पहिल्या दिवशी दोनच उतरले. एक चरायला, एक मान वर करून माझ्याकडं बघायला. म्या हालले नाय. तिसऱ्या दिवशी थवाच आला. आता दोनशेच्या वर हायेत. गाळाचं रान मऊ, कोंब मुळासकट निघतो.

सोनाजी : आन् सर्जेराव?

सखूबाई : पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गुलमंडीला गेलाय. आठ दीस झाले, शहरातच हाय, पाव्हण्यांकडं. फोन करून इचारतो, हंस येतेत का वहिनी. म्या फोनातच एक हाळी ठोकते. तो म्हणतो, बास, बास, कान गेला.

सोनाजी : तू बी सखू…

सखूबाई : माझा बाप म्हणायचा, दावा असंल त्याच्या रानात कळप घालावा, आपण बोलू नये. कळप नव्हता राहिला. मग हा आला, हिमालय वलांडून.

सोनाजी : किती खाल्लं?

सखूबाई : चारातलं तीन एकर. एक राहिलंय. तुम्ही औषध टाकलं तर हंस मरतील आन् तेवढं एक त्याला वाचंल. माचीवर म्या बसलेली. साहेब आधी कुणाला नेतील?

सोनाजी : तुला.

सखूबाई : मग.

सोनाजी : तो आल्यावर रान बघंल की.

सखूबाई : बघू दे. म्हणीन, ओरडून घसा बसला, गावाला इचारा. आन् औषध त्याला बी घालता येत नाय आता. साहेबांपुढं त्येनंच तर सांगितलंय, हंस मारणं पाप हाय म्हणून.

सोनाजी : ही पिशवी पुरून येतो.

सखूबाई : खोल पुरा. कोंबड्या उकरत्यात.

सोनाजी : उद्या म्या येऊ का माचीवर?

सखूबाई : या. फकस्त खोकू नका, लगीच उडत्यात.