आबांनी अभ्यासाचं विचारलंच नाही

तुम्ही हसाल, पण एका साध्या फोनने मी घाबरून घर गाठलं. परीक्षेच्या धसक्याने झोप उडाली, म्हणून विद्यापीठातल्या समुपदेशक मॅडमनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावून एकट्याला काहीतरी समजावलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन.

"जेवनी का? आठे बठ्ठं बरं शे."

इथे सगळं बरं आहे, एवढंच सांगून फोन ठेवला. अभ्यासाबद्दल एक अक्षर नाही!

आमच्याकडे असा फोन कोणी गेलं की येतो. जळगावहून धरणगावची एसटी पकडली, रस्ताभर आई डोळ्यांसमोर.

आई ओट्यावर शेंगा निवडत बसलेली!

मी आबांवर ओरडलेच, "असा फोन करतात का?"

आबा खाली बघत म्हणाले, "अभ्यासनं इचारू नका, असं मॅडमनी सांगं. मंग पोरीसंगे दुसरं काय बोलतस, ते सांगंच नही."