सोपानचा राव आणि माझा माळढोक

मी आयुष्यात कोणावर जळलो असेन तर चुलतभाऊ सोपानवर, आणि तेही एका पक्ष्यापायी! चाकणच्या माळावर त्याच्या पडीक रानात माळढोक उतरला. आम्ही लहानपणापासून हे पक्षी बघत आलो, कोण विचारत होतं? पण त्या साली जंगलखात्याचा साहेब जीपमधून आला, सोपानच्या बाजेवर बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "सोपानराव, हे पक्षी थोडेच उरलेत. आता कायद्यानं शिकार बंद आहे. हा सरकारचा पाहुणा, सांभाळा."

सोपानराव! तोवर गावात त्याला 'ए सोप्या'शिवाय हाक नव्हती, राव. दुसऱ्या दिवसापासून न्हावीसुद्धा सोपानराव म्हणायला लागला.

मी महिनाभर माझ्या रानात शेंगदाणे टाकले. शेवटी पेरणीच्या तोंडावर एक मादी आली आणि माझ्या खोपटासमोरच अंडं घालून बसली. मी बाजेवर नवी सतरंजी टाकली, नव्या कपबश्या आणल्या आणि साहेबाला बोलावणं धाडलं.

साहेब जाम खूश. "शाब्बास किसन! पिल्लू निघेपर्यंत इथं नांगर घालायचा नाही."

"आन् पेरणी, साहेब?"

"पक्षी उठवलास तर तूच सरकारचा पाहुणा होशील."

मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या पेरणी. च्या तरी घ्या." बायको चूल पेटवायला वाकली.

साहेबानं तिला हातानंच थांबवलं आणि माझ्या कानाशी लागला, "अरे किसन, धूर नको, बिथरेल ती. चहा आपण सोपानरावांकडे घेऊ."