कडूचा पहिला भाग आणि माझी सही

सन्माननीय अध्यक्ष दगाजी महाजन, व्यासपीठावरील आपल्या वाचनालयाचे चिटणीस स्वप्निलजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते ग्रंथपाल गिरधरभाऊ, त्यांच्या सौभाग्यवती कोकिळावहिनी, आणि समोर बसलेल्या वाचक बंधुभगिनींनो,

आतापर्यंत पाच वक्ते बोलले. गिरधरभाऊंनी बत्तीस वर्षं पुस्तकांवर पोटच्या पोरांसारखं प्रेम केलं, असं पाचही जणांनी सांगितलं. त्यांतल्या तिघांच्या नावावर देवघेवीच्या वहीत आजवर एकही पुस्तक चढलेलं नाही. मला ठाऊक आहे, कारण ग्रंथनिवड समितीची मी अकरा वर्षं प्रमुख आहे. शाल झाली, श्रीफळ झालं. त्या पोरांचं आपण काय केलं, ते मात्र कुणी बोललं नाही. मी बोलते.

मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. रहस्यकथा म्हणजे हातगाडीवरचं शिळं खाणं, असं वर्गात उघड म्हणायचे. आपल्याकडे कडू नावाच्या खासगी गुप्तहेराची तेवीस भागांची मालिका होती. नायकाचं नाव कडू! जसोंडी, धूलकोटकडची माणसं बाजाराला आली की एकेक भाग नेत आणि पानं तेलकट करून परत आणत. मी त्या कपाटाकडे बघतही नसे.

गेल्या चैत्रात समितीची सभा झाली. आपल्या सभेची रीत तुम्ही जाणताच. कचोरी येते, कागद फिरतो, आणि खाली आधीच टाइप केलेलं असतं, 'यादी वाचली व सर्वानुमते मंजूर.' स्वप्निलजी म्हणाले, मॅडम, बस इथे साइन करा, बाकी सब ठीक है. एका हातात कचोरी धरून मी सही केली. बाद करायच्या पुस्तकांची ती यादी होती. त्यात कडू होता. वाचली असती तरी मी सही केलीच असती, तीही आनंदाने.

नंतर महिन्याभराने आमचे हे, वामनराव, खकनारला लग्नाला गेले. हो, तेच, तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेत. त्यांच्या उशीखाली खाकी कव्हर घातलेलं पुस्तक सापडलं. वर लिहिलेलं, 'पाटबंधारे नियमावली'. निवृत्त होऊन चार वर्षं झालेल्या माणसाला उशीखाली नियमावली कशाला हवी? उघडलं, तर कडू, भाग पहिला. बायकोच्या धाकाने हा गृहस्थ स्वतःच्या घरात पुस्तक लपवून वाचत होता.

दोन पानं वाचून हसावं म्हणून बसले. दुपारचा चहा राहून गेला. कडू आधी तहसीलमध्ये कारकून असतो. साहेबांना घाई असते, म्हणून एका पंचनाम्यावर तो न वाचता साक्षीची सही करतो. त्या सहीवर एक निरपराध विणकर तुरुंगात जातो. मग कडू नोकरी सोडतो, भाड्याच्या खोलीवर पाटी लावतो आणि त्या विणकराला सोडवायला निघतो. पश्चात्तापावर मी तीस वर्षं निबंध लिहून घेतले. त्या दुपारी मला चैत्रातली कचोरी आठवली.

विणकर सुटतो का, हे पहिल्या भागात कळत नाही. दुसऱ्या दिवशी इकडेतिकडे बघत मी इथे आले आणि हळूच दुसरा भाग मागितला. गिरधरभाऊंनी कपाट उघडलं. आत स्पर्धा परीक्षांची गाइडं. बावीस भागांचा कधीच लगदा झाला होता. पहिला वाचला, तो वामनरावांनी वेळेवर परत केला नाही म्हणून.

मी उलट गिरधरभाऊंवरच ओरडले, आधी का नाही सांगितलं म्हणून. तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, यादीवर तुमची सही व्हती. तुमी वाचूनच केली असन, असं वाटलं मला."

टोमणा असता तर मी सहन केला असता. त्या माणसाचा खरंच तसा विश्वास होता. या सभागृहात यादी वाचून सही करणारं कुणीतरी असेल, असं मानणारे बत्तीस वर्षांत ते एकटेच.

अध्यक्ष महाराज, घड्याळ बघू नका, संपवते. तो विणकर सुटतो का, एवढं तरी सांगा, असं मी परवा गिरधरभाऊंना विनवलं. तेवीसही भाग त्यांना पाठ आहेत. ते म्हणाले, "ते सांगायचं नसतं, मॅडम. वाचायचं असतं."

आपण ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल तर सभेने पोटात घालावं. त्या सहीबद्दल मात्र, गिरधरभाऊ, तुम्ही मला माफ करू नका.