घरी राहिलेला ब्रेकचा दांडा

वादळानंतरच्या सकाळी राजघाटाच्या रस्त्यावर, सखाराम मिस्त्रींच्या दुकानासमोर आम्ही पडलेली झाडं कापायच्या चेनसॉ, म्हणजे मोटरच्या करवती, घेऊन रांगेत उभे होतो. एक बाई रांग सोडून सरळ पुढे गेल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

“मिस्त्री, आमचे हे मशीन घेऊन आले होते ना?”

“घेऊन गेलेपण, वहिनी. कार्बोरेटर साफ केला, दोन झटक्यांत चालू. जुनी आहे, पण दम आहे.”

“मग हा ब्रेकचा दांडा घरी कसा?”

“म्हणाले, सारखा अडकतो, काढून ठेवला.”

“आणि तुम्ही तशीच दिली?”

“मी बोललो. म्हणे, चल जाएगा, दोन फांद्यांचं तर काम आहे.”

“मशीन उसळली तर चेन कशानं थांबेल?”

“नाही थांबणार.”

“फोन उचलत नाहीयेत.”

“आवाजात ऐकू येत नसेल. हे बघा, मागच्या गल्लीत चालू आहे ना, तीच तुमची मशीन.”

“मी जाते.”

“ताई, थांबा,” रांगेतले एक काका म्हणाले. “मागून हाक मारू नका. माणूस दचकतो, हात हलतो.”

“मग करू काय?”

“त्यांनी स्वतः बंद केली की जा.”

मागच्या गल्लीतला आवाज मध्येच तुटला.

“झाली बंद,” बाई म्हणाल्या.

“पेट्रोल संपलं असेल, ताई.”

“नाही हो काका,” मिस्त्री म्हणाले. “टाकी मीच भरून दिली. आत्ताच.”