फर्नेसखालची बादली

—नाही नाही, ती बादली नका हलवू, त्या नळीच्या बरोबर खाली असते ती. या, डोकं सांभाळून. अख्ख्या यॉर्कटनमध्ये एवढं बुटकं तळघर माझंच असेल — आमच्या ह्यांनी स्वतः खणलं, आणि ते होते माझ्या खांद्याएवढे. तुम्हाला मी नाही हं बोलावलं. मुलानं कॅल्गरीहून परस्पर तुम्हाला फोन केला — घर तापवायची फर्नेस गळतेय आणि आई बादल्या लावत बसलीय म्हणे. ही नवी त्यानंच घेऊन दिली. गॅस कमी खाते, ऊब वाया घालवत नाही, म्हणून धुरातल्या वाफेचं आतच पाणी होतं — असं म्हणे. मला काय ठाऊक? पहिल्यांदा फरशी ओली दिसली तेव्हा मला वाटलं काकडीच्या लोणच्याची बरणी फुटली. बोट लावून चाखलं मी. हसा, ओरेस्टही हसले होते.

ओरेस्ट म्हणजे शेजारचे पालामार. उन्हाळ्यात रेजायनाहून राहायला आले, एकटेच. निवृत्त आहेत — कसल्या नोकरीतून, ते काही बोलत नाहीत. मी आपलं म्हटलं, भरली बादली माझ्यानं जिन्यावरून उचलवत नाही. खोटं नाही ते — बटाट्याचं पोतं उचलते, ते वेगळं. तर सकाळी येतात, बादली ओततात, संध्याकाळी परत. बाहेर उणे तीस असलं तरी. मग एवढ्या गारठ्यातून आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं? कॉफी होते. कॉफीवर पिरोही होतात, आत बटाट्याचं सारण आणि वर भरपूर कांदा परतून घातलेले. मग पत्त्यांचा डाव. गेल्या आठवड्यात मी केस कुरळे करून घेतले — बादलीसाठी, या वयात. आणि परवा ऊन पडलं, फर्नेस चाललीच नाही फारशी, बादली कोरडी — तर मी, आता तुमच्यापाशी म्हणून सांगते, किटलीभर पाणी आणून ओतलं तिच्यात. ओरेस्टनी बोट बुडवलं. आज कोमट कसं हो, म्हणाले. मी म्हटलं, फर्नेसच ती.

झालं? एवढ्यात? नुसता चिकट गाळ? नळी काढून धुतली की संपलं? असेल बाई. पण ओरेस्टना नाही हो कळलं. रोज इथे गुडघे टेकून बघायचे आणि मान हलवायचे. "अवघड आहे, नेटीबाई. यंदाचा हिवाळा असाच काढावा लागणार," म्हणायचे.

काय? तुम्ही ओळखता त्यांना? उंच, डाव्या कानात यंत्र — हो, तेच. तुमचे उस्ताद? कशाचे उस्ताद?

…

फर्नेसचं काम त्यांनी शिकवलं तुम्हाला.

थांबा, मला त्या खोक्यावर बसू द्या जरा. नाही, बरी आहे मी. रडत कुठे आहे, हसतेय.

मागचं दार वाजलं. बुटांचा बर्फ झटकतायत. ऐका, ती नळी जोडलीत ना? काढा परत. काढा म्हणते ना — आणि पुढच्या दारानं जा. हळू, दार वाजवू नका.