कार्ड लगेच बंद न केल्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय ३४ वर्षे, धंदा मोटार चालवायला शिकवणे, राहणार बेकरीच्या वरच्या दोन खोल्या, आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी माझ्या जोडीदारासोबत दोन वर्षांपासून राहते. आमचे लग्न झालेले नाही. जोडीदार दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या तयार करतात. तीन महिन्यांपूर्वी आम्ही घरखर्चासाठी क्रेडिट कार्डाचे एकच खाते घेतले. खाते माझ्या नावावर आहे. त्यावर कार्डे दोन, एक माझ्याकडे आणि एक त्यांच्याकडे. कोणतेही कार्ड कुठेही वापरले की मेसेज माझ्या मोबाईलवर येतो. त्या वेळी माझा थोरला भाऊ म्हणाला होता, "खोल्या एकत्र घ्या, कार्ड घेऊ नका. तो कुठे चहा प्यायला तेसुद्धा तुला कळणार. नको ते कळलं की माणसाला घास गोड लागत नाही." मी ते हसण्यावारी नेले.

आज सकाळी दहा वाजता मी नेहमीप्रमाणे शिकवणीला निघाले. गाडी शिकणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका असून त्यांचे वय ६३ आहे. त्यांचा आज अकरावा दिवस होता. दुसऱ्या गिअरच्या वर त्या आजवर गेलेल्या नव्हत्या. माझ्या बाजूलाही क्लच व ब्रेक आहेत.

१०.४० वाजता पहिला मेसेज आला. दुकान बायकांच्या चपलांचे. १०.५२ वाजता दुसरा आला, तो अत्तराच्या दुकानातून. दोन्ही खरेद्या जोडीदाराकडच्या कार्डावर होत्या. या वेळी ते दवाखान्यात कोणाला तरी कवळी बसवून बघत असतात, हे मला माहीत होते. मी फोन लावला. दोनदा वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला तेव्हा बंद होता.

बाईंनी गाडी कडेला घेतली व विचारले, "काय गं, चेहरा का उतरला?" मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही मेसेज वाचले.

"कार्ड बंद करायचं बटण कुठे असतं?"

"हे काय, इथेच."

"मग दाब की."

मी दाबले नाही.

का दाबले नाही असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, कार्ड चोरीला गेले असेल हे त्या वेळी माझ्या मनात आलेच नाही. मनात दुसरेच आले. कार्ड बंद केले असते तर पुढचे कळले नसते.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "चपलांचं दुकान कुठे आहे ते सांग. तशीही गाडी कुठेतरी न्यायचीच आहे."

दुकानात पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. गल्ल्यावरच्या बाईंना मी विचारले. त्या म्हणाल्या, "हो, जोडपं आलं होतं. ताईंना निळ्या चपला आवडल्या, पण साहेबांची नुसती घाई."

"साहेब दिसायला कसे होते?"

"गोरे, गुटगुटीत. डोक्यावर चांदणं."

माझे जोडीदार सावळे असून अंगाने काडी आहेत. केस असे की कंगव्याचे दात मोडतात. मी दुकानात मोठ्याने हसले. हसणे थांबेना म्हणून गल्ल्यावरच्या बाईंनी मला पाणी दिले.

मी पळत गाडीपाशी आले व ओरडले, "बाई, चोर आहे! चोर!"

"आणि एवढा आनंद?" बाई म्हणाल्या.

यानंतरही कार्ड चालू ठेवले, त्याचे कारण वेगळे आहे. जोडीदार पाकीट व मोबाईल कामाच्या बॅगेत ठेवतात. आज त्या बॅगेत तयार झालेल्या तीन कवळ्या होत्या. कवळी ज्याच्या तोंडाची त्यालाच बसते, इतरांना ती कवडीमोल. जोडीदार महिनाभर त्यावर वाकलेले होते आणि तीन म्हातारी माणसे तेवढे दिवस पेज पिऊन होती. कार्ड चालेनासे झाले असते तर चोराने बॅग पहिल्या गटारात टाकली असती. हा विचार मी तेव्हाच केला होता, आता सुचलेला नाही.

११.२० वाजता तिसरा मेसेज आला. बसस्थानक, तिकीट खिडकी.

"तिसरा गिअर कुठे असतो म्हणालीस?" बाईंनी विचारले. मी दाखवला. त्यांनी टाकला. "अगं बाई, ही तर पळते!" असे त्या दोन वेळा म्हणाल्या. मी माझ्या बाजूच्या ब्रेकला पाय लावला नाही. मोठ्या चौकातला सिग्नल तेव्हा पिवळा होता की लाल, हे मला निश्चित सांगता येणार नाही.

स्थानकाच्या फाटकाजवळ मी उतरून आत धावले. एक बस निघालेली होती. मागून तिसऱ्या खिडकीत टक्कल दिसले व त्याच्या मांडीवर हिरवी बॅग. तिचा पट्टा मी स्वतः लाल दोऱ्याने शिवलेला असल्याने लगेच ओळखली. मी बसच्या पत्र्यावर थापा मारत धावले, "थांबवा! माझी बॅग आहे!" चालकाला ऐकू गेले नसावे. तेवढ्यात बाईंनी फाटकात क्लच न दाबता ब्रेक मारला व गाडी बरोबर आडवी बंद पडली. बसचालकाने हॉर्नवरचा हात उचलला नाही. बाईंनी खिडकीतून डोके काढून सुनावले, "शिकाऊ गाडी आहे. पाटी वाचता येत नाही का?"

टकल्या इसमाने मागच्या दारातून उडी मारली. बॅगेचा पट्टा दाराच्या दांड्यात अडकला आणि त्याने बॅग सोडली नाही, म्हणून तो तिथेच लटकला. वाहकाने त्याची कॉलर धरली व दोन हमाल त्याच्यावर बसले. पट्टा तुटला नाही.

त्याच्यासोबतची बाई जागेवरच बसून होती. मी वर गेले तेव्हा ती पायातल्या नव्या निळ्या चपला काढत होती. "मला म्हणाला, बढती मिळाली," ती म्हणाली. तिने चपला खोक्यात घालून, वर अत्तराची बाटली ठेवून माझ्याकडे दिल्या. जुन्या चपला पायात सरकवल्या. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. ती याशिवाय जे बोलली, ते या प्रकरणाशी संबंधित नाही.

११.४७ वाजता मी कार्ड बंद केले.

बॅग घेऊन ठाण्यात आले तेव्हा जोडीदार आधीच इथे होते. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतून बॅग गेल्याचे त्यांना साडेअकराला कळले होते. अंगात पांढरा डगला आणि कोपरापर्यंत प्लास्टरची भुकटी. त्यांनी आधी बॅग उघडली, तिन्ही डब्या उघडून कवळ्या उजेडात धरल्या, एकेक दात पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू धावलीस? बसच्या मागे?" मी हो म्हणाले. त्यांनी डोक्याला हात लावला, त्यामुळे केसही पांढरे झाले.

इथपर्यंतचा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला. जोडीदार बाकावर बसून ऐकत होते. 'मनात दुसरेच आले' इथे हवालदार थांबले व म्हणाले, "ताई, एवढं खोडू का? याच्याशिवाय भागतं." मी जोडीदाराकडे पाहिले. ते खाली पाहत होते. मी म्हणाले, "नको. तसंच झालं होतं." हवालदारांनी पुढचे वाचून संपवले. त्यात चोराचे वर्णन आले तेव्हा जोडीदार हसले, आणि बाकावरची बॅग त्यांनी उचलून मांडीवर घेतली, मला बसता येईल इतकी जागा झाली.

मी जे सांगितले तेच यात लिहिले आहे, काही गाळलेले नाही. बरोबर आहे म्हणून सही करते.